टाचेतला जीव

माझ्या तोंडात आता एकच दाढ उरलीय, तिची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. दाढ उजवीकडची, खालची. तिच्यावरच मी अजून चिक्की खाते, तेव्हा खोट्यापायी तिला काही पणाला लावणार नाही. ज्याला पटत नसेल त्याने उठावं, मिरजेला जावं आणि सतारमेकर गल्लीत कांचन आरगे कोण म्हणून विचारावं. गल्लीतलं कुत्रंसुद्धा घर दाखवेल.

तर ही कांचन शब्बीरचाचांच्या कारखान्यात तंबोऱ्यांची जवारी काढायची. जवारी म्हणजे भाकरीची नव्हे हो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीची पाठ कानशीने इतक्या हलक्या हाताने घासायची, की तार नुसती टुण्णकन वाजून गप्प बसत नाही, मधमाशीसारखी गुणगुणत राहते. मग तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. तो नेमका बसला की तंबोरा बोलायला लागतो. त्या दोऱ्याला म्हणतात जीव.

असलं काम वर्षानुवर्षं केल्यावर कान काय तिखट होतील! कुकरची शिट्टी जरा उतरली म्हणून ही बाई दुकानदाराशी भांडून रबर बदलून आणायची. आणि नवऱ्याचं पाऊल तर तिला जिन्याच्या तळाशीच कळायचं. सुहास डावी चप्पल फरफटायचा. फट्, सर्र. फट्, सर्र. तो पहिल्या मजल्यावर पोचला की ही दुसऱ्या मजल्यावर चहाचं आधण ठेवायची. लिफ्ट बंदच असायची, ती बरी तरी कधी होती.

त्या दुपारी कांचन कारखान्यात एका धारवाडच्या बुवांचा तंबोरा घेऊन बसली होती. बुवा म्हणजे काळी कुळकुळीत दाढी, आणि आवाज असा की ताकाच्या माठात बोलल्यासारखा. महिनाभर त्यांचं एकच चाललं होतं, "अजून जरा गोल करा, बाई." बाई गोल करत होत्या. बुवांनी सा लावला, कांचनने डोळे मिटून जीव सरकवला, आणि तेवढ्यात मागच्या अंगणात धाडकन काहीतरी पडलं.

"काय पडलं, चाचा?"

"भोपळा असेल, बेटी. काल मांडणीवर नीट रचले नव्हते. तू काम कर."

मागे वाळत घातलेल्या भोपळ्यांची रास असायची, त्यामुळे कांचनने पुन्हा डोळे मिटले. काही वेळाने फोन वाजला. कुणी रिक्षावाला बोलत होता. "ताई, तुमच्या मिस्टरांना हॉस्पिटलात आणलंय. पाय टेकवेना त्यांना."

त्या काळात हे नवलाचं नव्हतं. गच्चीगच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्या होत्या. वीज फुकट, पण पाटीवर धूळ बसली की वीज निम्मी. मग नवरे फडकं घेऊन शिडीवर चढायचे, आणि दर आठवड्याला त्यातला एखादा टाचांवर खाली यायचा. सुहासही खाटेवर कण्हत हेच म्हणाला, "सोलर धूत होतो गं. शिडी सटकली."

डॉक्टर कोरे म्हणून एक तरतरीत पोरगी होती. तिने फोटो दाखवला. "काकू, टाचेचं हाड म्हणजे उकडलेलं अंडं समजा. वरून पातळ कवच, आत भुसभुशीत. माणूस उंचावरून पडला की घोट्याचं हाड वरून खुंटीसारखं त्यात घुसतं आणि अंडं फुटतं. काकांची दोन्ही फुटलीत."

"कापावं लागेल?"

"पूर्वी कापायचे. बाहेरच्या बाजूने मोठी चीर देऊन कातडीचा पडदाच उचलायचे. पण टाचेच्या कडेची कातडी पातळ असते, जखम काळी पडायची, महिनोन्महिने वाहायची. आता आम्ही ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पाडतो. पडद्यावर बघत बघत आत बारीक सळई घालायची, खचलेलं हाड वर उचलायचं, पोकळी राहील तिथे हाडाची लुगदी भरायची आणि स्क्रू लावून टाकायचे. टाकेसुद्धा दिसणार नाहीत."

"मग चालतील कधी?"

"खरी गंमत तिथेच आहे." डॉक्टरचे डोळे चमकले. "लुगदी ओली असते, काकू. तिच्यावर जसा भार पडतो तसं हाड धरतं. माणूस दुखतं म्हणून तिरकं पाऊल टाकतो आणि हाड तिरकंच बसतं. म्हणून स्क्रूच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते. पाऊल चुकलं की ती मुंगी चावल्यासारखी चावते, बरोबर पडलं की गप्प. मुंगी चावू नये म्हणून पाय आपोआप शिकतो. आमच्याकडे सगळे तिला मास्तर म्हणतात."

"आणि बरोबर पाऊल कोणतं, ते मास्तरला कोण सांगतं?"

"चालदान केलेली माणसं असतात. आयुष्यभर सुरेख चाललेली. त्यांची चाल मोजून ठेवलीय. काकांची उंची, वजन, पायाची लांबी बघून त्यातली एक जुळवायची. कुणाची ते मात्र सांगत नाही, नेत्रदानात नाही का सांगत?" मग तिला उगीचच गंमत सुचली. "बाय द वे, जुन्या पुस्तकांत या फ्रॅक्चरला प्रेमवीराचं फ्रॅक्चर म्हणायचे. बाईचा नवरा अवेळी घरी आला, की हा खिडकीतून उडी टाकणार आणि टाचांवर पडणार!"

डॉक्टर हसली. सुहास कण्हायचा थांबला. आणि कांचनने ते कण्हणं थांबलेलं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती घरून डबा करून निघताना गच्चीवर गेली. शिडी तिथे पडली असेल तर उचलून ठेवावी, एवढाच विचार. शिडी भिंतीला नीट टेकलेली होती. आणि सोलरच्या पाट्यांवर कबुतरांची विष्ठा, धुळीचा थर, त्या थरावर मांजराच्या पावलांचे ठसे. फडकं लागून महिना झाला असावा.

कांचन डबा हातात घेऊन उभी राहिली. माणूस सोलर धुताना पडला म्हणतो आणि सोलर तर पारोशी. मग हा पडला कुठून?

विचारायला तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बाईच्या मनात संशय शिरला की ती विचारत नाही, ती ऐकायला लागते. आणि ही तर ऐकण्यात पटाईत.

ऑपरेशन झालं, झकास झालं. टाचेला नुसते ठिपके. सुहास आधी चाकाच्या खुर्चीत, मग वॉकरवर, मग मास्तरच्या हाताखाली. सुरुवातीला "आई गं, चावला!" म्हणून ओरडायचा, हळूहळू ते ओरडणं बंद झालं. पावसाळा सरता सरता तो एकटा खाली जाऊन यायला लागला.

आणि एका संध्याकाळी कांचन भाकऱ्या थापत असताना जिन्यात पावलं वाजली. दमदार, सरळ, एकसारखी. फरफट नाही. मधेच एक पाऊल अर्धं पडायचं, जसं कुणी उंबरा ओलांडताना अडखळावं, की पुन्हा एकसारखी. कांचनने थापणं थांबवलं. कोण बाई हा परका माणूस? पावलं दाराशी आली, कुलपात किल्ली फिरली आणि आत आला तिचा नवरा.

"दचकायला काय झालं?"

"काही नाही." तिने भाकरी तव्यावर टाकली. ती वेडीवाकडी पडली.

"चाल सुधारली की नाही माझी?"

"सुधारली. ओळखू येत नाही."

सुहासला ते कौतुक वाटलं. बायको कौतुक कधी करते आणि टोमणा कधी मारते, एवढंही ज्याला संसारात कळलं नाही तो नवरा शहाणा की भाग्यवान, ते तुम्हीच ठरवा.

आता त्या पहिल्या मजल्याचं ऐका. तिथे तनुजा देशिंगे राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. दिसायला नीटस. आरगेंच्या बिऱ्हाडाला शेजार जेमतेम वर्षाचा, त्यात ती फारशी बोलायची नाही, दार कायम बंद. ते दार आता उघडायला लागलं. आणि उघडायचं कधी? सुहास जिना चढायला लागला की! कांचन वरून कान देऊन ऐकायची. खाली पावलं सुरू झाली की इकडे कडी सरकलीच. पावलं पहिल्या मजल्यावर थांबायची. दोन शब्द व्हायचे. मग वर यायची.

"थांबता कशाला तिच्याकडे?"

"मी कुठे थांबतो? ती दारात उभी असते. तोंड फिरवून जाऊ?"

मग चहा सुरू झाला. मग त्याहून वाईट. एकदा सुहास वर आला, टेकला आणि पुन्हा उठला. "जरा खाली जाऊन येतो. तनुजाला कोथिंबीर हवीय."

"कोथिंबीर?"

"हो. पोह्यांवर घालायला."

कांचनने कमरेवर हात ठेवले. उठून पाण्याचा तांब्या न घेणारा हा माणूस. टाचांत स्क्रू. आणि पोह्यांवर घालायला कोथिंबीर आणायला दोन मजले उतरून चढणार! दुसऱ्या दिवशी लिंबू. तिसऱ्या दिवशी काड्यापेटी. आता काड्यापेटी कोण वापरतं हो? गॅससुद्धा कुणाकडे उरला नव्हता, सगळ्यांच्या शेगड्या विजेच्या.

कांचनने गणित मांडलं. सोलर पारोशी. डॉक्टर म्हणाली प्रेमवीराचं फ्रॅक्चर. पहिल्या मजल्याला खिडकी आहे, खिडकीखाली फरशी आहे. फक्त एकच गोष्ट जमत नव्हती. खिडकीतून उडी मारायला आधी नवरा घरी यावा लागतो, आणि तनुजाचा नवरा तर कैलासवासी. पण संशयाला एवढ्यातेवढ्याने काही होत नाही. असेल दुसरा कुणी आलेला, तिने ठरवून टाकलं.

कारखान्यात तिचा हात बिघडला. शब्बीरचाचांनी एक तंबोरा छेडून बघितला, मान हलवली.

"बेटी, तार चांगली, घोडी चांगली. तरी का बोलत नाही?"

"माहीत नाही, चाचा."

"जीव जागेवर नाही." चाचांनी दोरा बोटाने दाखवला, पण बघितलं तिच्याकडे. "घरचं काही?"

"चाचा, एखाद्या तंबोऱ्यातून दुसऱ्याच तंबोऱ्याचा आवाज यायला लागला तर?"

म्हातारा हसला. "तर कुणीतरी भोपळा बदललाय म्हणायचं. नाही तर आपला कान."

कान बदललाय म्हटल्यावर कांचनला असा राग आला, की ती कारखान्यातून थेट हॉस्पिटलात गेली. "डॉक्टर, ही चाल काढून टाका."

"काढून? काकू, एवढी सुंदर चाल लागलीय!"

"मला नकोय सुंदर. माझ्या नवऱ्याची होती ती द्या."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकली. "ती नाही देता येणार. ती कुणी मोजून ठेवली नव्हती. पडायच्या आधी आपली चाल कोण मोजतं? दुसऱ्या कुणाची बसवता येईल. मास्तरला नवा धडा द्यायचा, महिना-दीड महिन्यात ही चाल पायातून जाईल. कायमची. तुमची दोघांची तयारी असेल तर शुक्रवारी या."

कांचनने सुहासला सांगितलं, तपासणी आहे. आणि शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी एक काम उरकायचं ठरवलं. नवऱ्याला नंतर बघता येईल, आधी ती.

सुहास कोथिंबिरीला गेल्याचं तिने गॅलरीतून पाहिलं आणि पदर खोचून खाली उतरली. तनुजाचं दार नुसतं लोटलेलं होतं. कांचनने ते ढकललं. ओळ तयार होती तोंडात, चांगली जहाल: बाई, तुझ्या पोह्यांना माझ्याच नवऱ्याची कोथिंबीर लागते का?

ती तोंडातच राहिली. घरात ना पोहे होते ना चहा. ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग, काही पिवळ्या पडलेल्या. लिंबं. काड्यापेट्या. आणि दाराच्या आड, बुटक्या स्टुलावर तनुजा बसलेली, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून.

"तनुजा—"

"थांबा, कांचनताई." डोळे न उघडता तिने हात वर केला. "एवढं होऊ द्या. मग काय मारायचं ते मारा."

खाली जिन्यात पावलं सुरू झाली. दमदार, सरळ, एकसारखी. मग ते अर्धं पाऊल. पुन्हा एकसारखी. कांचन उभी होती तिथेच ऐकत राहिली, दुसरं काय करणार, कानच तसले. पावलं वळणावर आली, पुन्हा एक अर्धं पडलं. तनुजाचे ओठ हलले.

"आला," ती म्हणाली.

असं "आला" कांचन स्वतः म्हणायची, आधण ठेवताना.

दारात सुहास उभा राहिला, हातात कोथिंबीर. त्याने बायको पाहिली, तनुजा पाहिली आणि जुडी त्याच्या हातातून खाली पडली. "हे बघ कांचन, मी फक्त कोथिंबीर—"

"गप्प बसा. तुमचं नंतर." कांचन खाली, तनुजासमोर फरशीवर बसली. "तू सांग गं. आला म्हणजे कोण आला?"

"संदेश," तनुजा म्हणाली. "माझा नवरा."

सुहासने मागे वळून जिन्यात पाहिलं. खरंच पाहिलं, बिचाऱ्याने.

तनुजा सांगायला लागली. संदेश देशिंगे रेल्वेत कीमन होता. रोज हातात हातोडा घेऊन मिरजेपासून पुढे रुळांतून मैलोन्मैल चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकून बघायची, हेच काम. रुळांखालचे आडवे ठोकळे, म्हणजे स्लीपर, माणसाच्या पावलाला जुळून नसतात. चार पावलं स्लीपरवर बरोबर पडली की एक अर्धं टाकावं लागतं, नाही तर खडीत पाय जातो. ते अर्धं पाऊल त्याच्या अंगातच भिनलं. जिन्यात, बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो स्लीपर असल्यासारखाच चालायचा.

"मी चिडवायचे त्याला, अहो, घरात रूळ नाहीत. पुढे ते काम ड्रोनकडे गेलं. तेव्हा हॉस्पिटलवाले आले होते. म्हणाले, आयुष्यभर चाललात, तुमची चाल द्या आम्हाला. तळव्यांना तारा लावून पट्ट्यावर चालवलं त्याला. घरी आल्यावर हसत होता, आज फुकटच चालून आलो म्हणाला." तिने पदराने नाक पुसलं. "मी तर विसरून गेले होते. आणि त्या संध्याकाळी मी इथे तांदूळ निवडत बसले होते, ताई, आणि तो जिना चढून आला. मी धावत दार उघडलं. तर हे."

"आणि मग लिंबू," कांचन म्हणाली.

"नुसतं या-जा करा असं कसं सांगणार? म्हणून कोथिंबीर." ती ओशाळली. "आवडत नाही मला कोथिंबीर."

मशीनला काय कळतंय? त्याला वाटलं, हे अर्धं पाऊल म्हणजे सुरेख चालीचाच भाग. ते त्याने जसंच्या तसं सुहासच्या टाचेत उतरवलं.

कांचन नवऱ्याला घेऊन वर आली. दार लावलं. राग आला की तिच्या अहोचं अरे व्हायचं, तसं झालं.

"ते कळलं. आता तू सांग. सोलर तर घाण आहे. कुठून पडलास?"

सुहासने छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग आपल्या पायांकडे.

"सुहास!"

"त्या दुपारी कारखान्यामागे भोपळा पडला होता ना?"

"हो. चाचा म्हणाले—"

"तो भोपळा मी."

कांचनला कळायला वेळ लागला. सुहासने एकदाचं तोंड उघडलं. "मागच्या पत्र्यावर चढलो होतो. महिनाभर बघत होतो, तू घरी गुणगुणत यायचीस. लग्नानंतर कधी गुणगुणली नव्हतीस. भाजी फोडणीला टाकतानासुद्धा सा लावायचीस. आणि बोलायची काय, तर बुवा असे म्हणाले, बुवा तसे म्हणाले. म्हटलं, बघावंच."

"आणि दिसलं काय?"

"दाढी दिसली. तू डोळे मिटून बसली होतीस आणि तो तुझ्याकडे बघून गात होता. नीट दिसावं म्हणून जरा पुढे वाकलो. पत्रा निसटला."

"दोन्ही टाचा मोडल्या आणि ओरडला नाहीस?"

"ओरडलो असतो तर तू बाहेर आली असतीस ना! बोळापर्यंत रांगत गेलो मी."

कांचनने हसू दाबायचा प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढे तो रांगणारा भोपळा आला आणि तिला टेबल धरावं लागलं. सुहास आधी रुसला, मग तोही हसला. हसता हसता कांचनचे डोळे कधी भरले ते तिलाही कळलं नाही. तिच्या मनात आलं, मी इथे संशय घेत बसले, आणि हा माझ्यावर संशय घेऊन मोडून पडला. बरोबरी झाली म्हणायची.

पण हसणं सरल्यावर शुक्रवार समोर उभाच होता. चाल बदलली तर खालच्या मजल्यावरचा माणूस दुसऱ्यांदा जाणार. नाही बदलली तर कांचनच्या घरी, कांचनच्या जिन्यातून, मरेपर्यंत दुसरीचा नवरा चढत येणार. चहाचं आधण ठेवायचं कुणाच्या पावलावर? तपासणीचं खरं कारण तिने सांगितलं तेव्हा सुहास म्हणाला, "तू म्हणशील तसं. मला तर दोन्ही सारखंच वाटतं." पुरुषांना काय, त्यांना स्वतःची पावलं ऐकूच येत नाहीत.

रात्रभर तिला काही सुचेना. सकाळी हॉस्पिटलात डॉक्टर कोरेने पडद्यावर दुसऱ्या चाली मांडून ठेवल्या होत्या. "हा बघा, हा नमुना छान आहे. अगदी मऊ पाऊल."

कांचनने सुहासला खोलीत एकदा चालायला लावलं. अनवाणी. मग चप्पल घालून. आणि अचानक ती हसली, तंबोरा लागला की हसायची तसं.

"राहू दे, डॉक्टर. हीच चाल राहू दे. भोपळा दुसऱ्याचा असला म्हणून काय झालं, जीव आपण सरकवू."

डॉक्टरला ओ की ठो कळलं नाही. कांचन मात्र नवऱ्याला घेऊन तशीच कोल्हापूरला गेली. तिथल्या चपलेच्या तळात म्हणे बी घालून शिवतात, मग ती चालताना करकरते. पैलवान लोक मुद्दाम घालतात. कांचनने दुकानात डझनभर जोड वाजवून पाहिले. दुकानदार वैतागला, "बाई, चप्पल घ्यायचीय का बाजाची पेटी?" शेवटी एक जोड ठरला, त्यातलीही डावी पुन्हा उसवून घेतली आणि बी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवून घेतलं, फरफटीची आठवण येईल असं.

तेव्हापासून असं चालतं. सुहास खालून येताना चप्पल हातात घेतो. तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत अनवाणी. चार पावलं आणि एक अर्धं. लोटलेल्या दाराआड स्टुलावर कुणीतरी बसलेलं असतं, ते काही बोलत नाही, कोथिंबीरही मागत नाही. मग वळणावर सुहास चप्पल पायात घालतो. करकर्, सर्र. करकर्, सर्र. आणि वर कांचन आधण ठेवते.

बिल्डिंगमध्ये आता वेगळीच कुजबुज आहे. आरगे त्या बाईच्या दाराशी येताना चपला हातात का घेतो? आवाज होऊ नये म्हणून ना? तळमजल्यावरच्या एकीने कांचनला हळूच सांगितलंसुद्धा, "लक्ष ठेव गं नवऱ्यावर." कांचन म्हणाली, "ठेवलंय. कान ठेवलाय."

आता माझी दाढ. मघापासून ती ठणकतेय, तेव्हा सांगूनच टाकते. यातली एक गोष्ट मी पदरची घातली. भोपळा पडल्याचा तो आवाज, आणि त्याच्या मागोमाग आलेलं चाचांचं न् सुहासचं भोपळ्याचं बोलणं. कांचनने मला स्वतः सांगितलंय, त्या दुपारी तिला मागच्या अंगणात काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

आता बघा. कुकरची शिट्टी जरा उतरलेली जिला कळते, तिला पाठीमागे पत्र्यासकट कोसळलेला नवरा ऐकू आला नाही. म्हणजे एक तर सुहास तिथे पडलाच नव्हता. नाही तर धारवाडच्या बुवांचा सा फारच छान लागला होता.